पानात पिकलेलं प्लास्टिक

उपवास म्हणजे इथे साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा पापड नव्हे. खरा कडकडीत उपवास. दीड-दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही की यकृत साठवलेली चरबी फोडायला घेतं आणि तिच्यातून काही छोटे रेणू रक्तात सोडतं. त्यांतला एक म्हणजे 3-हायड्रॉक्सिब्युटिरेट. चार कार्बन अणूंचा हा रेणू. साखरेची टंचाई असते तेव्हा मेंदूसुद्धा त्याच्यावर दिवस काढतो. या रेणूची दोन रूपं असू शकतात, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा असलेली, आणि आपलं यकृत त्यांतलं एकच बनवतं. नेमकं तेच रूप घेऊन एकाला एक असे हजारो रेणू जोडत गेलं, की जी लांबच लांब साखळी तयार होते तिचं नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. सुटसुटीतपणे पीएचबी.

आणि पीएचबी हे प्लास्टिक आहे. अलंकारिक अर्थाने नव्हे, अगदी बाजारातल्या अर्थाने. पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळतं, साच्यात घालून त्याची बाटली करता येते, पाण्यात ते विरघळत नाही. मात्र मातीत पुरलं तर ते कुजतं.

या साखळीचा शोध कुठल्या प्लास्टिक कंपनीने लावलेला नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लेम्वान्य या शास्त्रज्ञाला ती 1926 साली ‘बॅसिलस मेगाटेरियम’ नावाच्या जिवाणूच्या पोटात सापडली. मातीतल्या जिवाणूचं जगणं मोठं बेभरवशाचं. कधी कार्बन भरपूर मिळतो पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपलेला असतो. अशा वेळी पेशी वाढू शकत नाही, पण समोर आलेलं अन्न सोडवतही नाही. मग जिवाणू ते पीएचबीच्या बारीक कणांच्या रूपात साठवून ठेवतो. सुगीत भरलेली कणगीच ती. साखर तशीच साठवली असती तर तिने बाहेरचं पाणी आत ओढून घेऊन पेशी फुगवली असती. न विरघळणाऱ्या पीएचबीचा तो त्रास नाही. दुष्काळ आला की जिवाणू स्वतःच्या विकरांनी साखळीची एकेक कडी सोडवतो आणि खातो. ‘क्युप्रियाव्हिडस नेकेटर’ नावाचा मातीतला जिवाणू या बाबतीत इतका संग्रही, की परिस्थिती जुळून आली तर त्याच्या कोरड्या वजनाचा 80 टक्क्यांहून जास्त भाग नुसतं प्लास्टिक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कमी आणि कणच जास्त दिसतात.

पीएचबी कुजतं ते याच कारणाने. एकाची कणगी दिसली की ती फोडून खाणारे दुसरे असतातच. मातीत आणि समुद्रातही, पीएचबीच्या साखळीतले एस्टर बंध तोडणारी विकरं असलेले जिवाणू आणि बुरशा मुबलक आहेत. पॉलिथिनचा कणा मात्र सलग कार्बन-कार्बन बंधांचा. तिथे दात रोवायला जागाच नाही. एका जागतिक हिशेबानुसार 2015 पर्यंत माणसाने 830 कोटी टन प्लास्टिक बनवलं होतं. त्यातून जो कचरा झाला त्यातला 79 टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर पडून आहे. खाणारं कोणी नाही, म्हणून तो पडून राहतो. इतकं साधं आहे ते.

इथे एक घोळ आधीच निस्तरलेला बरा, कारण दुकानातल्या पिशव्यांवर हिरवी पानं छापणाऱ्यांना तो सोयीचा असतो. झाडापासून बनलेलं आणि कुजणारं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन बनवतात. मूळ उसाचं असलं तरी ते पॉलिथिनच, आणि पॉलिथिनइतकंच चिवट. पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, हे कुजणाऱ्यांत मोडतं खरं, पण त्याला साठ अंशांच्या आसपास तापणारा औद्योगिक कंपोस्टचा ढीग लागतो. परसातल्या खड्ड्यात ते बराच काळ जसंच्या तसं राहू शकतं. पीएचबीला असे नखरे नाहीत.

मग सगळ्या जगाने पीएचबीच का वापरलं नाही? उत्तर पैशात आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर हा विषय हातात घेतला आणि ‘बायोपॉल’ नावाचं प्लास्टिक बाजारात आणलं. 1990 मध्ये जर्मनीत वेला कंपनीचा शॅम्पू त्याच्या बाटलीतून विकला गेला. पण जिवाणू पाळणं हा खर्चीक संसार आहे. पोलादी टाक्या निर्जंतुक ठेवायच्या, त्यांत सतत हवा खेळवायची, शुद्ध ग्लुकोज पाजायचं, शेवटी पेशी फोडून कण वेगळे करायचे. साध्या प्लास्टिकच्या तुलनेत किंमत कित्येक पट जास्त पडे. शिवाय हे ग्लुकोज येतं कुठून? मक्यासारख्या पिकातून. म्हणजे झाडाने उन्हात बसून साखर करायची, आपण ती काढून जिवाणूला भरवायची आणि जिवाणूने तिचं प्लास्टिक करायचं. मधला जिवाणू वगळला तर? झाडालाच सांगितलं, की बाबा, तूच कर?

ही कल्पना वेडगळ वाटते, पण तिचा रासायनिक पाया फार भक्कम आहे. जिवाणू ज्यापासून पीएचबी करतो तो कच्चा माल म्हणजे ॲसिटिल-कोए. तो प्रत्येक सजीव पेशीत असतो. झाडं त्याच्यापासून तेलं बनवतात, मेण बनवतात, रंगद्रव्यं बनवतात. त्याचं पीएचबी करायला तीन विकरं पुरतात. पहिलं विकर ॲसिटिल-कोएचे दोन रेणू जोडून चार कार्बनचा तुकडा करतं. दुसरं त्यात हायड्रोजन घालून तो हव्या त्या आरशी रूपात आणतं. तिसरं विकर असे तुकडे साखळीत ओवत जातं. तीन विकरं म्हणजे तीन जनुकं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि जर्मनीत तीन वेगवेगळ्या गटांनी ती जिवाणूतून वेगळी काढली. त्यांत एमआयटीचे ऑलिव्हर पीपल्स आणि अँथनी सिन्स्की होते, जेम्स मॅडिसन विद्यापीठातले डग्लस डेनिस होते.

पुढचं काम झालं मिशिगन स्टेट विद्यापीठात. ख्रिस सॉमरव्हिल यांच्या प्रयोगशाळेत इव्ह पॉइरिए यांनी ‘ॲराबिडॉप्सिस’ हे झाड निवडलं. झाड म्हणण्याइतकंही ते मोठं नाही. मोहरीच्या कुळातलं वीतभर तण, इवलीशी पांढरी फुलं, पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत नवं बी. वनस्पतिशास्त्रज्ञांचा जीव या तणावर जडलेला असतो तो याच घाईमुळे. झाडाच्या पेशीद्रव्यात पहिलं विकर मुळातच होतं, म्हणून दोनच जनुकं घालायची होती. ती एकाच झाडात घातली नाहीत. काही झाडांत दुसऱ्या विकराचं जनुक घातलं, काहींत तिसऱ्याचं, आणि मग एकीकडचे पराग दुसरीकडच्या फुलावर नेऊन त्यांचा संकर केला. आईबापांपैकी कोणालाच प्लास्टिक करता येत नव्हतं. संततीत दोन्ही जनुकं एकत्र आली.

त्या संततीच्या पानांच्या पेशी नाइल ब्लू या रंगद्रव्याने रंगवून योग्य प्रकाशाखाली धरल्या, तर त्यात नारिंगी ठिपके चमकत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेच ठिपके गोलसर कण म्हणून दिसले. एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून लहान, आणि जिवाणूच्या पोटातल्या कणांशी हुबेहूब जुळणारे. मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांची जागा. विकरं पेशीद्रव्यात काम करत होती, पण कण रिक्तिकेतही सापडले आणि थेट केंद्रकातही. ज्या केंद्रकात झाडाचा सगळा वंशवारसा असतो, तिथे प्लास्टिकचे मणी! 1992 च्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात हा शोधनिबंध आला. जगातलं पहिलं झाड, ज्याने हवा, मुळांखालची माती-पाणी आणि प्रकाश एवढ्यावर हे प्लास्टिक केलं.

केलं, पण कितीसं? ओल्या पानाच्या एका ग्रॅममागे सुमारे शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा हजारांत एक भाग. आणि तेवढ्यासाठीही झाडं खुरटली, बी कमी धरलं. पेशीद्रव्यातला तो चार कार्बनचा तुकडा रिकामा पडलेला नव्हता. झाड त्याच्यापासून पेशीपटलासाठी लागणारे स्टेरॉल आणि काही वाढसंप्रेरकं बनवतं. आपण चालत्या घरातून तांदूळ उचलला होता.

मग दोन वर्षांनी, 1994 मध्ये, क्रिस्टियाने नाव्राथ, पॉइरिए आणि सॉमरव्हिल यांनी जागा बदलली. पानात ॲसिटिल-कोएची खरी उलाढाल होते ती हरितलवकात, कारण मेदाम्लं तिथे बनतात. म्हणून या वेळी तिन्ही विकरं हरितलवकातच पोचवायची ठरलं. त्यासाठी वाटाण्याच्या एका प्रथिनाचा तुकडा प्रत्येक विकराच्या तोंडाशी जोडला. तो तुकडा असला की हरितलवक त्या प्रथिनाला आत घेतो आणि आत घेतल्यावर तुकडा कापून टाकतो. तीन जनुकांच्या तीन वेगळ्या झाडांचे संकर केले आणि आकडा उडाला. पानाच्या कोरड्या वजनाच्या 14 टक्क्यांपर्यंत पीएचबी! पान जितकं जुनं तितका साठा जास्त. हरितलवक कणांनी ठासून भरलेले, आणि झाडं दिसायला ठणठणीत.

पण ही जागा इतकी मानवली, त्यात फार जुना एक योगायोगही आहे. हरितलवक मुळात झाडाचा नव्हेच. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी एका मोठ्या पेशीने एक प्रकाशसंश्लेषी जिवाणू पोटात घेतला आणि तो तिथेच नांदला. आजचा हरितलवक हा त्याचा वंशज. त्या जिवाणूचे चुलत वंशज, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आजही डबक्यांत आणि समुद्रात राहतात, आणि त्यांतले कित्येक पीएचबी साठवतात. 1994 मध्ये जे झालं ते एका परीने जिवाणूचं सामान जिवाणूच्याच वंशजाच्या घरी पोचवणं होतं.

2000 साली जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या मॅक्स प्लांक संस्थेत कारेन बोमर्ट आणि सहकाऱ्यांनी तीनही जनुकं एकत्र घालून कोरड्या वजनाच्या 40 टक्क्यांपर्यंत मजल मारली. हा आकडा वाचताना टाळी वाजवावीशी वाटते, पण ती झाडं बघितली असती तर हात थबकला असता. पीएचबी जितकं जास्त तितकं झाड खुजं. याचं कारण साठवणुकीच्या स्वभावात आहे. झाडही कणगी भरतं. दिवसा हरितलवकात स्टार्च साठवतं आणि रात्री तोच मोडून खातं. जिवाणूही पीएचबी भरतो आणि मोडून खातो. पण झाडाला आपण दिली ती फक्त भरण्याची विद्या. पीएचबी मोडणारं विकर झाडात नाही, आणि आपण ते द्यायचंही नाही, कारण मग आपल्या हाती काय लागणार? म्हणजे झाडाच्या दृष्टीने ही कणगी दार नसलेली. उन्हाची कमाई तिच्यात जाते ती कायमची.

याच सुमारास मोन्सॅन्टोही या खटपटीत होती. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे नाव पुढे 2002 नंतर बीटी कापसामुळे तोंडपाठ झालं. त्याआधीच कंपनीने बायोपॉलचे हक्क विकत घेतले होते. तिच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या नात्यातल्या रेपसीडच्या बियांत पीएचबी पिकवून दाखवलं. नुसतं पीएचबी ठिसूळ असतं, वाकवलं की मोडतं. साखळीत मधूनमधून पाच कार्बनची कडी आली की ते लवचीक होतं. हे मिश्र प्लास्टिकही 1999 मध्ये त्यांनी झाडात करून दाखवलं. आणि तोवर कंपनीने प्रकल्प गुंडाळायला घेतला होता.

का गुंडाळला, याचं एक उत्तर पुढच्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आलं, आणि ते लिहिणाऱ्या दोघांपैकी स्टीव्हन स्लेटर हे त्या मिश्र प्लास्टिकवर काम केलेलेच शास्त्रज्ञ होते. दुसरे डार्टमथचे टिलमन गर्नग्रॉस. त्यांनी मक्याच्या धाटापानांत पीएचबी पिकवायचं ठरवून अख्ख्या साखळीचा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. धाटं गोळा करायची, वाळवायची, विद्रावकात प्लास्टिक उतरवायचं, विद्रावक गाळून परत मिळवायचा. एक किलो पॉलिथिन करायला 29 मेगाज्यूल ऊर्जा लागते. मक्यातून एक किलो पीएचबी काढायला त्याहून 300 टक्के जास्त. ऊन फुकट होतं, पण उन्हातून झालेलं प्लास्टिक बाहेर काढायला दगडी कोळसाच जाळायचा होता. कच्चा माल म्हणून तेल वाचवायचं आणि इंधन म्हणून त्याहून जास्त जाळायचं, हा व्यवहार त्यांनी स्वतःच उघडा पाडला. आपल्याच कामाचा असा हिशेब छापणारे शास्त्रज्ञ कमी. उरलेली धाटं जाळून तीच ऊर्जा वापरली तर चित्र पालटतं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

प्लास्टिक बाहेर काढणं इतकं जड जात असेल तर ते बाहेर काढूच नये, असा एक देखणा विचार त्याआधीच, 1996 मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या ॲग्रासीटस कंपनीत झाला होता. त्यांनी कापूस घेतला. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. टाचणीएवढी लांब, पण पेशी एकच. आणि बोंड फुटण्याआधी ती जिवंत, वाढती असते. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर जनुकं लेपून ती झाडाच्या ऊतीत अक्षरशः डागली, आणि तंतूच्या पोकळीत पीएचबीचे कण तयार झाले. त्या सुताला सुती स्पर्श होताच, शिवाय ते ऊब जास्त धरून ठेवत होतं आणि सावकाश थंड होत होतं. बाहेरून कापूस, आतून कृत्रिम धागा, आणि तोही शेतात पिकलेला. पण पीएचबीचं प्रमाण तंतूच्या वजनाच्या 0.34 टक्के. थंडीच्या कपड्याला पुरेल एवढा फरक त्यातून पडत नव्हता. या सगळ्या कथेतला माझा आवडता प्रयोग हाच, आणि तो पुढे रेटला गेला नाही याची मला हळहळ वाटते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी ऊस धरला. साखर कांड्यात, प्लास्टिक पानात, म्हणजे गाळप नेहमीसारखं आणि पानांतून वरकड कमाई. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. पाचट आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फडातच जाळतात, पण हिरवं वाढं जाळत नाहीत; ते तोडणी कामगारांच्या बैलांच्या पुढ्यात जातं. वाढ्यात प्लास्टिक असलेला ऊस आला तर वैरणीचं काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत नव्हे, फडाच्या कडेला विचारला जाईल. सध्या तो काल्पनिक आहे. असा ऊस भारतात कुठेही लागवडीत नाही, आणि ऑस्ट्रेलियातही 2007 मधला पहिला आकडा पानाच्या कोरड्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आतच होता. उसाच्या पानात दोन तऱ्हेच्या हिरव्या पेशी कामं वाटून घेतात, आणि त्यांतल्या एका तऱ्हेच्या पेशींत कण धरतच नव्हते. पहिलं विकर बदलून पाहिल्यावर तिथेही ते धरले.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावर आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जेजुरीला जैव-पॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे बनतं पीएलए: पिकातली साखर, तिचं सूक्ष्मजीवांकडून लॅक्टिक आम्ल, आणि त्याचं पुढे कारखान्यात प्लास्टिक. म्हणजे मधला जिवाणू वगळायचा नाही, त्यालाच कामाला जुंपायचं. व्यवहार म्हणून आज हाच मार्ग चालतो, आणि कारखानदाराच्या जागी मी असतो तर मीही तोच धरला असता.

तरी झाडाचा नाद सुटला नव्हता. एमआयटीच्या त्या कामातून जन्मलेल्या मेटाबॉलिक्स कंपनीने आधी स्विचग्रास नावाच्या गवतावर आणि मग कॅमेलिनावर प्रयोग केले. कॅमेलिना हे ॲराबिडॉप्सिसच्याच गोतावळ्यातलं तेलबियांचं पीक. बी निवडण्यात शहाणपण होतं: ते मुळातच कोरडं, सहज गोळा होणारं, आणि तेल काढण्यासाठी नाहीतरी घाण्यात जाणारच. 2015 मध्ये बियांच्या वजनाच्या 15 टक्क्यांपर्यंत पीएचबी त्यांनी मिळवलं. ते बी पेरलं तेव्हा मात्र दार नसलेल्या कणगीने पुन्हा गाठलं. उगवताना बी आपलं तेल आणि प्रथिन खर्चून पहिली पानं काढतं. ज्या बियांत पीएचबी जास्त त्यांतली रोपं कमी उगवली आणि त्यांची बीजपत्रं फिकी निघाली.

यावरचा एक उपाय मला 1992 च्या त्या पहिल्याच प्रयोगात दिसतो. दोन निरोगी वाण ठेवायचे, प्रत्येकात अर्धीच जनुकं. पेरायला हे वाण, आणि गाळायला त्यांच्या संकराचं बी. प्लास्टिक फक्त त्या बियांत होईल, ज्यांना पुढे उगवायचंच नाही. आपल्याकडे संकरित कापसाचं बियाणं अशाच रीतीने होतं. बाया एकेका कळीतले पुंकेसर हाताने खुडतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. पण तिथे एकरी किलो-दोन किलो बियाण्यावर भागतं, म्हणून तेवढी मजुरी परवडते. कॅमेलिनाचं फूल काही मिलिमीटरचं, स्वतःच्याच परागाने फळणारं, आणि इथे संकराचं बी हेच पीक असल्याने ते लागणार टनांनी. हाताने हे होणे नाही. त्यासाठी ज्यात परागच धरत नाहीत असा मादी वाण आणि त्याच्यावर दुसऱ्याचे पराग नेणाऱ्या मधमाश्या, या दोन्हींची जोड आधी जमवावी लागेल.